चौदा भोकांची यादी

रविवार, मे महिना, साल शहाऐंशी, सकाळचे दहा. हजर: सुधाकरदादा, वय एकोणीस, आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा विद्यार्थी आणि स्वतःच्या मते शाखाप्रमुख, मी, मंगल, वय पंधरा, नववी पास, हातात कंपासपेटी. गैरहजर: बाबा, विहारात कॉलनीच्या बैठकीला, आई, गच्चीत उडदाच्या पापडांपाशी, कावळ्यांशी भांडत. टेबलावर प्रल्हादकाकांचा टीव्ही गेम आणि त्याच्या दुधी रंगाच्या झाकणावर टेकवलेलं, हातानं फिरवायचं ड्रिल. ही नोंद मी त्या दिवशी केली नव्हती. गुन्हेगार सहसा त्याच दिवशी नोंद करत नाहीत.

प्रल्हादकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मस्कतला एका एसी बसवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होते. दोन वर्षांतून एकदा यायचे आणि येताना साबण, सेंटच्या बाटल्या आणि उपदेश आणायचे. मागच्या खेपेला त्यांनी हा गेम आणला होता. त्यांचं घर इगतपुरीला, आणि तिथल्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, म्हणून गेम आमच्याकडे नाशिकरोडला ठेवला. जाताना म्हणाले, "वापरा, पण जपा." घरात लोकांना वाटतं की या दोन गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात.

गेम म्हणजे वहीएवढा डबा, वर दोन गोल मुठी. टीव्हीला जोडला की पडद्यावर दोन पांढऱ्या काठ्या आणि मधून फिरणारा एक पांढरा ठिपका. काठीनं ठिपका परतवायचा, आणि तो लागला की डब्यातून "टुक" असा आवाज यायचा. एवढंच. याला टेनिस म्हणायचं. आमच्या शटरवाल्या टीव्हीसमोर कॉलनीतली दहा-बारा पोरं श्वास रोखून बसायची. आज माझा नातू हातातल्या फोनवर सबंध शहरं बांधतो आणि पाच मिनिटांत कंटाळतो. आम्ही त्या ठिपक्यावर दोन वर्षं काढली. याला कोणी संस्कार म्हणतात. मी पर्याय नसणं म्हणते.

त्या उन्हाळ्यात चित्र थरथरायला लागलं. दादानं डब्यावर हात ठेवला, डॉक्टरसारखा डोळे मिटून थांबला आणि निदान केलं, "गरम होतोय. आत हवा खेळत नाही." खरं तर गरम व्हायचा तो अडॅप्टर, आणि तो डब्याच्या बाहेर, भिंतीतल्या प्लगला लटकलेला होता. पण आयटीआयचं एक वर्ष पूर्ण झालेल्या माणसाला कोण सांगणार? "व्हेंटिलेशन पाहिजे," तो म्हणाला. मी कंपासनं खुणा करून दिल्या. त्यानं ड्रिल फिरवलं. एकही भोक माझ्या खुणेवर पडलं नाही. चित्र थरथरतच राहिलं, म्हणून पुढच्या आठवड्यात त्यानं आणखी काही पाडली. कडू औषधाचा गुण आला नाही की आपण डोस वाढवतो, तसंच.

मग काकांचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी येतोय, कंपनीला एक हेल्पर टेक्निशियन हवाय, सुधाकरचा पासपोर्ट काढून ठेवा, मी येऊन बघतो आणि ठरवतो. खाली ओळ होती: गेम बरोबर घेऊन जाईन, साहेबांच्या मुलाला द्यायचा आहे.

पत्र बाबांनी मोठ्यानं वाचलं. आई भाकरी थापत होती. नांदगावकडच्या आमच्या आईचे हात बातमी केवढीही असली तरी थांबत नसत, पण त्या दिवशी थांबले. "मस्कतला जाईल माझं पोरगं?" म्हणाली. मग परातीकडे बघूनच विचारलं, "त्या डब्याला लय भोकं दिसत्यात रं सुध्या. आधीपासनं हायेत?"

"व्हेंटिलेशन आहे, आई."

"तुझे काका विचारतील तवा हेच सांग. मंग बस इथंच, पापड राखत."

एवढ्यात सगळं ठरलं. काका स्टोअरकीपर होते. बारा वर्षं त्यांनी आलेल्या मालावर बोट फिरवून ओरखडे शोधले होते. ज्या पोरानं त्यांच्या वस्तूची चाळणी केली त्याला ते विमानात बसवणार नव्हते. भोकं बुजवायची, ती अशी की काकांच्या बोटाला कळता कामा नयेत, आणि दिवस पंधरा.

पहिला उपाय मेण. मेणबत्ती वितळवून भोकात ओतली, वरून ब्लेडनं तासली. लांबून छान दिसलं. नाशिकचा मे महिना आणि गच्चीवरची पत्र्याची खोली. दुपारपर्यंत मेण आत ओघळून मुठींपर्यंत पोचलं. दुसरा उपाय लांबी. शेजारच्या घराला रंग देणाऱ्यांकडून खडूची पूड आणि जवसाचं तेल मळलेला गोळा आणला. लाकडाच्या दारात ती लांबी पन्नास वर्षं टिकते. प्लास्टिकला ती चिकटलीच नाही. वाळून गोल टिकल्या झाल्या आणि डबा हलवला की एकेक खाली पडली. तिसरा उपाय गल्लीतून ओरडत जाणारा बादल्या जोडणारा. त्याच्याकडे शेगडीत तापवलेली सळई असायची, तिनं तो फुटक्या बादलीला जुन्या प्लास्टिकचं ठिगळ लावायचा. दादानं सावध होऊन आधी आईची साबणदाणी दिली. साबणदाणीचं भोक बुजलं. साबणदाणीही बुजली. आईनं ती पुढे कित्येक वर्षं दाराला टेकण म्हणून वापरली आणि पाहुण्यांना दादाचं पहिलं काम म्हणून दाखवली.

चार दिवस गेले. मग दादा सायकल काढून नाशिकच्या द्वारका नाक्यावर गेला. तिथं इस्माईलचाचांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. ठोकलेल्या ट्रका आणि जीपगाड्या तिथून नव्यासारख्या निघायच्या. चाचांनी डबा हातात घेतला, फिरवला आणि विचारलं, "ट्रक कुठंय?"

"चाचा, एवढंच आहे."

"एवढ्याशा डब्याला एवढी भोकं? गोळीबार झाला काय?"

पण त्यांना काम आवडलं असावं, कारण त्यांनी ते केलं नाही. दादाला करायला शिकवलं. झाकणाचं प्लास्टिक होतं तेच भरायला हवं, दुसरं काही त्याला धरणार नाही, असं ते म्हणाले. गेमच्या पाठीमागे बॅटऱ्यांचा कप्पा होता, त्यात आम्ही कधीच बॅटऱ्या घातल्या नव्हत्या. त्या कप्प्याच्या आतल्या पट्ट्या दादानं कापल्या, बारीक चुरा केला आणि बुचाच्या बाटलीत थिनरमध्ये भिजत घातला. दोन दिवसांत त्याची दाट खीर झाली. भोकाला आतल्या बाजूनं कागदाची टेप लावायची आणि वरून काडीनं ती खीर थोडी थोडी सोडायची. एका दिवशी एकच थर. एकदम भरली की वरून वाळते, आतून ओली राहते आणि मग आठवड्यानं खळगा पडतो. "घाई केली की भोक परत तोंड वर काढतं," चाचा म्हणायचे. शेवटी थर झाकणाच्या वर जरा फुगू द्यायचा आणि पाणीपेपरनं, म्हणजे ओल्या पॉलिशपेपरनं, घासायचा, पाणी सोडत, गोल गोल, आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. मध्येच काळी पूड फासून पुसायची. जिथं काळं राहिलं तिथं अजून खड्डा आहे.

"डोळ्यानं नको बघू बेटा," त्यांनी दादाला सांगितलं होतं. "डोळा लय लबाड. डोळे मिट, बोट फिरव. बोट खोटं नाय बोलत."

आता माझा भाग. आमचे बाबा सरकारी छापखान्यात मोजणीच्या खात्यात होते. तिथं छापलेल्या कागदाचे गठ्ठे मोजायचे आणि मोजणाऱ्यानं चिठ्ठीवर सही करायची. सही झाली की तो गठ्ठा पुन्हा कोणी मोजत नसे; पुढे कागद कमी-जास्त निघाला तर ज्याची सही त्यानं उत्तर द्यायचं. हा कायदा बाबांनी घरी आणला होता. गच्चीत पापड किती, पेटीत आंबे किती, लग्नाच्या घरी पाठवलेली भांडी किती, सगळ्याची चिठ्ठी आणि खाली सही. काही गडबड झाली की बाबा आवाज चढवत नसत. फक्त विचारत, "मोजणी कुणाची?" या प्रश्नाला आम्ही छडीपेक्षा जास्त भ्यायचो. पण मोजणीत मी घरात सगळ्यांत पक्की. वयाच्या नवव्या वर्षापासून माझी एकही चिठ्ठी चुकली नव्हती, आणि ही गोष्ट मी कोणाला विसरू देत नसे.

तेव्हा भोकांची यादीही मीच केली. दादानं डबा उघडला, यंत्राचा भाग ट्रंकेत ठेवला आणि नुसतं झाकण माझ्या हातात दिलं. मी ते खिडकीशी उजेडात धरलं, आतल्या बाजूला पेन्सिलीनं प्रत्येक भोकापाशी आकडा घातला आणि वहीच्या पानावर रकाने आखले: क्रमांक, जागा, आकार, थर पहिला, थर दुसरा, थर तिसरा, घासणे. एकूण चौदा. खाली झोकदार सही.

दादा बघत राहिला. "चौदा? मी दहाच्या आत पाडली असतील."

"तुला आठवतं का नक्की?"

"नाही."

"मग? मी मोजलीत. चौदा."

"मग चौदा," तो म्हणाला आणि पान घडी करून खिशात घातलं.

पुढचे नऊ दिवस आयटीआयची सुट्टी त्यानं गॅरेजात काढली. संध्याकाळी यायचा तेव्हा बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, अंगाला थिनरचा वास. आई त्याला ताटावर बसण्याआधी दोनदा हात धुवायला लावायची, तरी वरणाला थिनरचा वास लागायचा. जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवरून फिरत राहायची, खड्डे शोधत. मी रोज पानावर खुणा करून घ्यायची आणि उशीर झाला तर बोलायची. अकरा नंबरचा तिसरा थर राहिला होता, ते मीच पकडलं. फार अभिमान वाटला होता मला त्याचा. शेवटी चाचांनी फ्रिजला मारतात तो दुधी रंग गनमधून मारून दिला. झाकण घरी आलं तेव्हा आईनं पदरानं हात पुसूनच त्याला हात लावला. "हे तर दुकानातलं दिसतंय रं," म्हणाली. दादाला डोळे मिटायला लावून तिनं त्याचंच बोट झाकणावरून फिरवलं. बोट कुठंच अडलं नाही. तो हसला. तसा तो त्याआधी हसलेला मला आठवत नाही.

काका यायच्या सकाळी दादानं डबा जोडला आणि आम्ही एक डाव खेळून पाहिला. "टुक" ऐवजी "थुप" असा आवाज आला, कोणी उशीखालून बोलावं तसा.

"स्पीकर जुना झालाय का?" दादा म्हणाला.

"बरंच आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "डोकं उठायचं त्या टुकटुकीनं."

मी घड्याळाकडे बघून म्हटलं, आता उघडू नकोस, गाडी आली असेल. यादीत चाचणी हा रकाना नव्हता.

काका आले. जय भीम झालं, चहा झाला, साबण निघाले. आईनं मटणाचा रस्सा केला होता, आणि मसाला वाटण्याआधी ती, दादानं प्लास्टिकचा चुरा केलेला पाटा परत एकदा धुताना, त्याच्या नावानं पुटपुटत होती ते मी ऐकलं होतं. जेवणं झाली. काकांनी पासपोर्ट बघितला, दादाला एसीबद्दल चार प्रश्न विचारले, दादानं तीन बरोबर सांगितले. काका खूश दिसले. "आणा बघू आता आमचा गेम," म्हणाले.

डबा मांडीवर घेऊन त्यांनी आधी डोळ्यांनी पाहिलं. मग बोट फिरवलं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, स्टोअरकीपरचं बोट. आम्ही चौघं श्वास धरून. बोट उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. परत गेलं. परत तिथंच आलं.

"भाऊ," ते बाबांना म्हणाले, "हा माझा गेम नाही."

"म्हणजे?"

"माझ्याला इथं भोकं होती. पाच. स्पीकरची. आवाज बाहेर यायला असतात ती. हा डुप्लिकेट आहे. माझा कुठं गेला?"

आई ताडकन म्हणाली, "भावजी, चोर म्हणता का काय आमाला? मटण खाल्लंय आत्ता!"

"मी कुणाला काही म्हणत नाही वहिनी. पण गेम माझा नाही."

दादा उठला. त्यानं स्क्रू ड्रायव्हर आणला, झाकण काढलं आणि उलटं करून काकांच्या मांडीवर ठेवलं. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, पण आतल्या बाजूला चौदा गोल ओळखू येत होते. नऊ मोठे, वेडेवाकडे, पोरांनी गोट्या फेकाव्यात तसे. पाच लहान, एका सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. दादाच्या हातून आयुष्यात दोन भोकं एका रेषेत पडली नव्हती. आकाराच्या रकान्यात मी स्वतःच्या अक्षरात नऊ वेळा "मोठं" आणि पाच वेळा "लहान" लिहिलं होतं. आणि मला काही म्हणता काही सुचलं नव्हतं. मी फक्त मोजत होते.

"ही नऊ मी पाडली होती," दादा म्हणाला. "बुजवली."

काकांनी पुन्हा बाहेरून बोट फिरवलं, बराच वेळ. "कळत नाहीत," म्हणाले. मग झाकण खाली ठेवलं. "आणि ही पाच? कंपनीनं दिलेली?"

दादा मोकळे स्क्रू गोळा करायला लागला.

बाबा खुर्चीतून पुढे झुकले. आवाज नेहमीसारखाच. "मोजणी कुणाची?"

मी दारात उभी होते, हातात तांब्या. पान दादाच्या खिशात होतं, खाली माझी सही. दादानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"माझी," तो म्हणाला.

मी तांब्या घेऊन आत गेले आणि पेल्यांत पाणी भरलं. पाच पेले. मोजून.

काका वाईट माणूस नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाले, "हात चांगला आहे तुझा, सुधाकर. पण कुठलं भोक कशासाठी आहे ते न बघता बुजवणारा माणूस मी साहेबापुढे नेऊ शकत नाही. उद्या एसीची हवा बंद करशील." आणि मनमाडच्या मावसभावाच्या पोराला घेऊन गेले. त्या पोरानं मस्कतला बावीस वर्षं काढली आणि आता मनमाडला त्याचं तीन मजली घर आहे, त्याला भोकं भरपूर आहेत, त्यांना तो खिडक्या म्हणतो.

दादा इस्माईलचाचांच्या गॅरेजात राहिला. चाचा गेल्यावर ते त्यानं चालवलं. त्याच्या हातची गाडी उन्हात धरली तरी ठोकलेली जागा सापडत नाही, हे मी बहीण म्हणून नाही, गाडी दोनदा ठोकलेली बाई म्हणून सांगते. आता रंगाच्या धुरानं त्याला खोकला असतो, जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतो आणि फोन आल्यासारखं करतो. एकदा, लग्न होऊन मी सासरी जायच्या आदल्या दिवशी, मी त्याला विचारलं होतं की तेव्हा माझं नाव का सांगितलं नाहीस. तो पाणीपेपरनं गाडीचं दार घासत होता, वर न बघता म्हणाला, "लिहिली तू. बुजवली मी. बुजवताना माझं बोट होतं ना त्यावर?" मी म्हटलं, बरं, आणि पुढच्या कामाला लागले. मला तेव्हाही बरीच कामं असायची.

काका आता चौऱ्याऐंशीचे आहेत, इगतपुरीलाच असतात. भाताच्या लावणीआधी आम्ही त्यांना भेटायला जातो. दादा गाडी चालवतो, मी यादी करते. औषधं, काकूंच्या चष्म्याचं भिंग, छत्री दुरुस्त करून नेणे, बँकेचं पासबुक भरून नेणे, अशी. जेवणानंतर जो कोणी नवा जावई किंवा जी कोणी नवी सून बसलेली असेल त्यांच्यापुढे काका तो किस्सा काढतात. "हा आमचा सुधाकर. यानं कंपनीनं दिलेली भोकं बुजवली होती. मस्कत हुकलं बघा याचं, मोजता येत नव्हतं म्हणून!" सगळे हसतात. सगळ्यांत मोठ्यानं दादा हसतो, मग त्याला खोकला येतो, मग कोणीतरी पाणी देतं. बाबा होते तोवर तेही तिथं असायचे आणि दादाकडे जरा बघून मान खाली घालायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना खरं सांगायचं ते काम आता माझ्या यादीतून काढता येत नाही आणि करताही येत नाही.

गेल्या महिन्यात गेलो होतो. काकांना हल्ली माणसं नीट ओळखू येत नाहीत, मला त्यांनी दोनदा माझ्या आईच्या नावानं हाक मारली, पण किस्सा पाठ आहे. नातजावयाला सांगितला. मी या वेळी पक्कं ठरवून गेले होते, यादीत लिहून, कोणी वाचलं तरी कळू नये म्हणून नुसतंच "काकांना सांगणे". काका म्हणाले, "मोजता येत नव्हतं म्हणून!" मी तोंड उघडलं. दादानं समोरून मान हलवली, अगदी थोडी, आणि वाटी पुढे करून म्हणाला, "मंगल, रस्सा वाढ गं."

मी वाढला. परत येताना वाटेत पाऊस लागला, दादानं काच वर केली आणि खोकत खोकत मला विचारलं, "झाली का सगळी कामं?" मी यादी काढली. अकरा होती. दहा झाली होती.